मत रुळांना, किल्ली मोटारीची

नोव्हेंबर 2012 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांना एक प्रश्न विचारला गेला. वाहतूक प्रकल्पांसाठी चालू असलेला अर्धा टक्का विक्रीकर आणखी 30 वर्षे वाढवायचा का? सुमारे 66.1 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले आणि तरीही प्रस्ताव पडला. कॅलिफोर्नियात अशा कराला दोनतृतीयांश मते लागतात, ती जेमतेम अर्ध्या टक्क्याने हुकली. चार वर्षांनी पुन्हा मतदान झाले. यावेळी आणखी अर्धा टक्का कर मागितला होता आणि त्याला मुदतही नव्हती. तरी 71 टक्के लोक बाजूने उभे राहिले. मोटारीशिवाय पान हलत नाही अशा महानगरात, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन रूळ टाकायला इतका मोठा पाठिंबा!

आता याच काळातला दुसरा आकडा पाहा. 2014 नंतरच्या त्याच वर्षांत तिथल्या बस आणि रेल्वेचे एकूण प्रवासी वाढले नाहीत, उलट घटत गेले. नवे मार्ग सुरू होत होते, मतपेट्या भरत होत्या, आणि डबे मात्र अपेक्षेइतके भरत नव्हते.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले मायकेल मॅनव्हिल यांनी आपल्या सहकाऱ्यासोबत नेमका हाच प्रश्न हाती घेतला. सार्वजनिक वाहतुकीवर खर्च करा असे म्हणणारे लोक स्वतः तिने प्रवास करू इच्छितात का? अमेरिकेतल्या सर्वेक्षणांतून उत्तर आले की या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. लोक पाठिंबा देतात तो समाजाचे भले होईल म्हणून. हवा सुधारेल, गाडी नसलेल्यांची सोय होईल, कोंडी फुटेल. करोनाच्या साथीआधीही अमेरिकेत कामाला जाण्यासाठी बस-रेल्वे वापरणारे सुमारे 5 टक्केच होते. म्हणजे लाइट रेलला, म्हणजेच शहरातल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या ट्रामसारख्या हलक्या रेल्वेला, मत देणारा बहुतेक वेळा कर भरणारा नागरिक असतो, प्रवासी नसतो.

याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल, मला ते पटत नाही. घरापासून थांबा तीन किलोमीटरवर, मधल्या रस्त्याला पदपथ नाही, कामाच्या ठिकाणी मात्र पार्किंग फुकट, अशा माणसाने मनापासून मत दिले तरी सकाळी तो किल्लीच उचलणार. त्याचे मत खरे आहे आणि त्याची अडचणही खरी आहे. शहर मोटारीच्या मापाने कापले गेले की माणसाची निवड त्याच कापडातून शिवली जाते.

ही सवय विचारांतही किती खोल उतरते, याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या दोन हजारांहून जास्त प्रौढांना काही विधाने दिली. अर्ध्या लोकांना विचारले, दाट वस्तीत जिथे इतरांना धूर श्वासात घ्यावा लागतो तिथे सिगारेट ओढू नये, हे पटते का? 75 टक्के म्हणाले, पटते. उरलेल्यांसाठी वाक्य तेच ठेवले, फक्त सिगारेट ओढण्याच्या जागी गाडी चालवणे घातले. होकार 17 टक्क्यांवर आला. धूर धूरच असतो, पण मोटारीचा धूर आपल्याला पावसासारखा वाटतो, कुणी केलेला वाटतच नाही. सार्वमतात ‘रस्त्याची एक लेन रुळांना द्या’ हा प्रस्ताव याच मनापुढे येतो.

त्या एका लेनपाशी जरा थांबू, कारण भांडण शेवटी तिच्यावरच होते. सिग्नल हिरवा झाला की एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक मोटार पुढे सरकते. निम्मा वेळ लाल दिवा धरला तर तासाला 900 मोटारी, आणि मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर सुमारे साडेतेराशे माणसे. शेजारच्या पट्ट्यातून दर पाच मिनिटांनी दोन डब्यांची गाडी गेली आणि तिच्यात 300 जण असले, तर तासाला 3,600. रूळ-चाकाचे गणितही तिच्या बाजूचे आहे. पोलादी चाक रुळाला टेकते ती जागा छोट्या नाण्याएवढी असते, त्यामुळे घरंगळताना होणारा विरोध डांबरावरच्या रबरी टायरच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असतो. पण चौकात उभ्या असलेल्या चालकाला हे गणित दिसत नाही. त्याला दिसतो तो रिकामा पट्टा. गाडी येते, आठ-दहा सेकंदांत निघून जाते, आणि पुढची पावणेपाच मिनिटे तिथे काहीच नसते. त्याच्या लेनमध्ये मात्र एकाला एक लागून गाड्या उभ्या. जी लेन जास्त माणसे नेते तीच ओसाड दिसते! रुळांविरुद्धचा निम्मा राग या दृश्यातून येतो असे मला वाटते, आणि तो आकडे फेकून शमत नाही.

फीनिक्समध्ये हेच घडले. ॲरिझोनाच्या वाळवंटात ऐसपैस पसरलेले हे शहर, तिथे पहिली लाइट रेल डिसेंबर 2008 मध्ये धावली. 2015 मध्ये मतदारांनी विस्ताराला पैसे मंजूर केले. मग दक्षिणेकडच्या वस्तीत सेंट्रल अव्हेन्यूचे तपशील पुढे आले, तेव्हा कळले की मोटारींच्या चार लेनपैकी दोनच उरणार. रस्त्यालगतचे दुकानदार आणि रहिवासी संतापले. ‘चार लेन, नाहीतर रेल्वे नको’ ही त्यांची घोषणा झाली. त्यातून पुढे सह्यांची मोहीम निघाली आणि प्रश्न एका रस्त्याचा न राहता शहरात यापुढे लाइट रेलचा विस्तारच बंद करायचा का, असा झाला. ऑगस्ट 2019 मध्ये मतदान झाले. साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी बंदी फेटाळली. तोवर फीनिक्सकर दहा वर्षांहून जास्त काळ ती गाडी रोज डोळ्यांसमोर पाहत होते, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेच्याच टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला असा अनुभव नव्हता. मे 2018 मध्ये तिथे सुमारे 42 किलोमीटर लाइट रेल आणि शहराच्या मध्यभागी एक बोगदा अशी 5.4 अब्ज डॉलरची योजना मतदानाला आली. 64 टक्के लोकांनी ती नाकारली.

पाठिंबा वेळेनुसार कसा हलतो, याचा एक आलेख वाहतूक अभ्यासक फिल गुडविन यांच्या नावाने ओळखला जातो. कल्पना धूसर असते तेव्हा ती बऱ्याच जणांना आवडते. नकाशा हाती आला, कुणाची लेन जाणार हे कळले की पाठिंबा घसरतो, आणि काम सुरू होण्याच्या आसपास तळ गाठतो. गोष्ट प्रत्यक्षात चालू लागली की तो पुन्हा चढतो, बहुधा सुरुवातीपेक्षाही वर. याचे उत्तम उदाहरण रुळांचे नाही, स्टॉकहोमच्या गर्दी-शुल्काचे, म्हणजे शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या वाहनांकडून घेतल्या जाणाऱ्या पैशांचे आहे. आधी जेमतेम एकतृतीयांश लोक बाजूने होते. जानेवारी ते जुलै 2006 असे सात महिने ते चालवून पाहिले, शुल्करेषा ओलांडणारी वाहने सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाली, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात निम्म्याहून थोडे जास्त लोक हो म्हणाले. पुढे काही वर्षांत पाठिंबा दोनतृतीयांशांवर गेला. शुल्क तसे चालवून पाहता येते. रूळ सात महिन्यांसाठी टाकून पाहता येत नाहीत, हीच लाइट रेलची खरी पंचाईत आहे.

त्यात तो मधला काळ कठीण जातो. रूळ टाकण्याआधी रस्त्याखालच्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या, गॅसच्या वाहिन्या हलवाव्या लागतात, आणि जुन्या शहरात त्या नकाशाप्रमाणे सापडतातच असे नाही. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोची ट्राम मे 2014 मध्ये सुरू झाली ती तीन वर्षे उशिरा, मार्ग आखूड करून, आणि 37.5 कोटी पाउंडांऐवजी 77.6 कोटी पाउंड खर्चून. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेन्ट फ्लुबियर्ग यांनी जगभरचे प्रकल्प तपासले तेव्हा रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी सुमारे 45 टक्क्यांनी वाढलेला आणि प्रवासी अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास आढळले. समर्थकांनी हे आकडे लपवू नयेत. ते लपवले की पुढच्या शहराचा पाठिंबा आपणच जाळतो.

तसेच कोंडीबद्दल. ‘रेल्वे आली की रस्ते मोकळे होतील’ हे वचन मते मिळवते, पण दीर्घकाळ टिकत नाही. काही जण गाडी सोडून रेल्वेने गेले की रस्त्यावर जागा होते, आणि ती पाहून आडवाटेने किंवा आडवेळी जाणारे परत येतात. अर्थतज्ज्ञ दुरांतोन आणि टर्नर यांनी 2011 मध्ये अमेरिकी महानगरांसाठी दाखवले की रस्ते वाढवा वा सार्वजनिक वाहतूक वाढवा, मोटारींचा एकूण वापर त्याने कमी होत नाही. मग रूळ फुकटच? तसे नाही. 2003 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वाहतूक कामगारांचा 35 दिवसांचा संप झाला, तेव्हा मोठ्या महामार्गांवरचा विलंब सरासरी 47 टक्क्यांनी वाढल्याचे अर्थतज्ज्ञ मायकेल अँडरसन यांनी मोजले. थोडेच लोक रेल्वे-बसने जातात, पण ते नेमक्या सर्वांत तुंबलेल्या वेळी, सर्वांत तुंबलेल्या दिशेने जातात. कोंडी हटणार नाही, पण तिच्यात न अडकता जाण्याची वाट मिळेल, हे सांगितले तर ते वीस वर्षांनीही खरेच राहील.

लेनचा प्रश्न उघडपणे लोकांपुढे नेणारे एक शहर म्हणजे फ्रान्समधले स्ट्रासबर्ग. तिथली जुनी ट्राम 1960 मध्ये बंद झाली होती. 1989 च्या महापौर निवडणुकीत दोन पर्याय समोर होते, जमिनीखालून धावणारी मेट्रो किंवा रस्त्यावरची ट्राम. व्यापाऱ्यांना मेट्रो हवी होती, कारण तिने वरच्या मोटारींना धक्का लागत नव्हता. कॅथरीन त्रोत्मान ट्रामच्या बाजूने लढल्या आणि निवडून आल्या. नोव्हेंबर 1994 मध्ये ट्राम सुरू झाली, शहराच्या मध्यभागातल्या क्लेबेर चौकातून जाणाऱ्या मोटारी हटल्या, आणि 1995 मध्ये त्रोत्मान मतदानाच्या पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून आल्या.

नॅशव्हिलने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा मतदान केले. यावेळच्या योजनेत लाइट रेल नव्हती. मुख्य रस्त्यांवर जलद बस, चोवीस तास सेवा, सुमारे 600 सुधारित सिग्नल, आणि जवळजवळ 138 किलोमीटरचे पदपथ. सुमारे 65 टक्के लोकांनी होकार दिला. पदपथ बांधायला सुरुवात होईल ती घराच्या दारापासून थांब्यापर्यंतच्या त्या वाटेवर, जिथे आजवर चालायला जागाच नव्हती.