ब्लॅक स्पॉटचा अर्ज परत का येतो? नाशिककरांसाठी निकष, कागदपत्रं आणि अर्ज कुठे द्यायचा

"आमच्या फाट्यावर वारंवार अपघात होतात, तरी तातडीने गतिरोधक बसवावा ही विनंती." नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींच्या आणि सोसायट्यांच्या निवेदनांत हे वाक्य हमखास असतं, आणि निवेदन बहुतेक वेळा याच वाक्यापाशी अडकतं. वारंवार म्हणजे किती वेळा, त्याची नोंद कुठे आहे आणि तो रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, यातलं काहीच त्यात नसतं. मग ‘संबंधित विभागाकडे पाठवले’ असा शेरा पडतो आणि फाटा होता तसाच राहतो.

आधी ब्लॅक स्पॉटचा, म्हणजे सारखे अपघात होणाऱ्या जागेचा, निकष. राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मिळून मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले असतील, किंवा एकूण १० माणसं दगावली असतील, तर ती जागा ब्लॅक स्पॉट धरली जाते. ही व्याख्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आहे. अर्ज करायला विशेष पात्रता लागत नाही. कोणीही नागरिक, ग्रामपंचायत, शाळा किंवा सोसायटी साध्या कागदावर निवेदन देऊ शकते. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन वाढतं.

यातली ‘तीन वर्षं’ लोक हमखास चुकीची वाचतात. ही तीन कॅलेंडर वर्षं आहेत, जानेवारी ते डिसेंबर. समजा २०२५ च्या ऑगस्टमध्ये निवेदन दिलं, तर हिशेबात २०२२, २०२३ आणि २०२४ हीच वर्षं येतात. गेल्याच महिन्यात गावातला तरुण मुलगा गेला म्हणून सगळं गाव पेटून उठतं, पण तो मृत्यू त्या वेळच्या आकड्यात बसत नाही आणि ‘निकषात बसत नाही’ असं उत्तर येतं. ताजा अपघात निवेदनात जरूर लिहा, पण वेगळ्या परिच्छेदात. अपघातांच्या तक्त्यात मात्र पूर्ण झालेली तीन वर्षंच दाखवा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, अपघाताची नोंद. पहाटे बाजार समितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो, मोटारसायकल तिच्यावर आदळते, पोराचा पाय मोडतो. दोन्हीकडचे लोक ओळखीचे निघतात, ट्रॉलीवाला दवाखान्याचं बिल भरतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. सरकारी दप्तरात हा अपघात झालेलाच नसतो. असे पाच-सहा अपघात मिटवलेल्या फाट्याला ब्लॅक स्पॉट म्हणा, असं जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला कशाच्या आधारावर सांगणार? हात जोडून सांगते, भरपाईचं आपसात काय ठरवायचं ते ठरवा, पण पोलिसांत नोंद करा. त्या एका नोंदीवर पुढच्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

नोंद असली तरी ती तपासून घ्या. सुरुवातीला ‘किरकोळ जखमी’ लिहिलेलं असतं आणि एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचं दिसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे. डॉक्टरांचा जखमेचा दाखला तपासी अंमलदारापर्यंत पोचला नाही, तर कागदावर ती किरकोळच राहते. जखमी माणूस नंतर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दगावला असेल, तर मृत्यूचं कलम वाढवलं आहे ना, हेही विचारा. जागेचाही घोळ असतो. जुन्या फिर्यादींमध्ये ‘अमुक हॉटेलजवळ’ एवढंच लिहिलेलं सापडतं, आणि हॉटेलचं नाव मधल्या काळात बदललेलं असतं. आता पोलीस आयरॅड या प्रणालीत अपघाताचं ठिकाण अक्षांश-रेखांशासह भरतात, त्यामुळे अलीकडच्या नोंदी जास्त उपयोगी पडतात.

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. तिथे नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण वेगळे आहेत. आडगाव, अंबड, नाशिक रोड ही पोलीस ठाणी शहर आयुक्तालयात येतात, तर सिन्नर, निफाड, चांदवड ग्रामीणमध्ये. चुकीच्या ठिकाणी शोधून ‘नोंदच नाही’ म्हणणारे बरेच असतात. संपूर्ण आकडेवारी हवी असेल तर माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. गावाचं गाऱ्हाणं तिथे लिहू नका. ‘या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत, या तीन वर्षांतले प्राणांतिक आणि गंभीर अपघात, तारीख व गुन्हा क्रमांकासह’ एवढंच मागा.

रस्ता कुणाचा, हे किलोमीटरच्या दगडावरून बऱ्यापैकी कळतं. डोक्यावर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, गावरस्ते सहसा जिल्हा परिषदेकडे, शहरातले महापालिकेकडे. निवेदनात साखळी क्रमांक, म्हणजे किलोमीटर आणि पुढचे मीटर, नक्की लिहा. त्याशिवाय अभियंत्याला जागा सापडत नाही, किंवा सापडली नाही असं म्हणायला त्याला वाव मिळतो.

गतिरोधकाची मागणी राष्ट्रीय महामार्गावर टिकत नाही. महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाका, असं केंद्रानेच २०१६ मध्ये कळवलं आहे. त्याऐवजी रम्बलर (हादरे देणारे आडवे पट्टे), ब्लिंकर (लुकलुकणारा इशारा दिवा), कॅट आय (रस्त्यात बसवलेले चमकणारे खिळे), दिवे, वळणावरच्या फांद्यांची छाटणी, दुभाजक फोडून केलेले बेकायदा रस्ते बंद करणं, अशी कामं मागा. ती लवकर होण्यासारखी असतात. भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल मागायचा असेल तर ‘कायमस्वरूपी उपाययोजना’ म्हणून वेगळा मुद्दा करा, नाहीतर मोठ्या कामाच्या अंदाजपत्रकामागे साधा ब्लिंकरही रखडतो.

निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष म्हणून द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये या समितीची तरतूद आहे. प्रती रस्त्याच्या मालक विभागाला, वाहतूक पोलिसांना आणि आरटीओला. लोकशाही दिनात मात्र हे निवेदन घेऊन जाऊ नका. तिथे फक्त वैयक्तिक तक्रार घेतात, तीही विहित नमुन्यात आणि १५ दिवस आधी दिलेली. गावच्या रस्त्याचा विषय तिथे नाकारला जातो, आणि लांबून एसटीने आलेली माणसं हात हलवत परत जातात. दारावर एक स्पष्ट पाटी लावली तरी त्यांचा दिवस वाचेल.

निकषात न बसणाऱ्या जागांचं काय? ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची चौकात खासगी बस ट्रकला धडकून पेटली आणि १२ जण गेले. दहा मृत्यूंचा निकष एका पहाटेत पूर्ण झाला. आकडा भरायची वाट पाहणं किती महाग पडतं, ते नाशिकने तिथे पाहिलं आहे. म्हणून आकडा कमी असला तरी निवेदन द्या. फक्त ‘ब्लॅक स्पॉट जाहीर करा’ असं न लिहिता ‘अपघातप्रवण ठिकाण म्हणून संयुक्त स्थळ पाहणी व रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण करावे’ असं लिहा. दृष्टिआड वळण, शाळा सुटायची वेळ, रात्रीचा अंधार यांचे तारखेसह फोटो जोडा. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी तुमच्या भागात रस्त्याचं काम निघालं असेल, तर काम संपायच्या आत हे करा. एकदा दुभाजक आणि कठडे बांधून झाले की बदल करायला कोणी तयार होत नाही.

आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ याला पोच म्हणत नाहीत. समितीची पुढची बैठक झाली की तिचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. त्यात तुमचं ठिकाण आलं असेल तर काम कोणत्या विभागाला आणि कोणत्या मुदतीत दिलं ते दिसेल. पाठपुरावा त्याच विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे करा, इतिवृत्ताचा मुद्दा क्रमांक लिहून.