लॅबमधलं एक्स्ट्रॅक्शन ग्रीन कसं होत गेलं

चहापत्तीतून कॅफिन काढायचं प्रॅक्टिकल केमिस्ट्रीच्या कित्येक बॅचेसनी केलंय. आधी त्यात सॉल्व्हंट, म्हणजे हवा तो पदार्थ विरघळवून घेणारं द्रव, म्हणून क्लोरोफॉर्म असायचा, त्याचे दुष्परिणाम कळले तसं डायक्लोरोमिथेन आलं आणि मग वर्षानुवर्षं तेच चालत राहिलं. सॉक्सलेटचं एक्स्ट्रॅक्शनचं (पदार्थ वेगळा काढायचं) उपकरण तर 1879चं, मुळात दुधातलं फॅट मोजायला बनवलेलं, सॉल्व्हंट तासन्तास उकळत ठेवायचा. पण काम झाल्यावर तो सॉल्व्हंट जातो कुठे, हे विद्यार्थ्याला कुणी विचारायचंच नाही, आणि मला हीच सगळ्यात मोठी उणीव वाटते.

विचार बदलायला लागला तो 1990च्या दशकात. अमेरिकेत 1990 साली प्रदूषण रोखण्याचा कायदा आला, म्हणजे कचरा झाल्यावर निस्तरत बसण्यापेक्षा तो होऊच द्यायचा नाही. 1998मध्ये पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी ग्रीन केमिस्ट्रीची, म्हणजे कमी घातक आणि कमी कचऱ्याच्या केमिस्ट्रीची, 12 तत्त्वं मांडली, त्यातलं एक थेट सॉल्व्हंटबद्दलच आहे.

खरंतर इंडस्ट्री याच्या आधीच पुढे गेली होती, जर्मनीत कुर्ट झोसेल यांनी 1960च्या दशकातच सुपरक्रिटिकल (द्रव आणि वायू यांच्या मधल्या अवस्थेतल्या) कार्बन डायऑक्साइडने कॉफीतलं कॅफिन काढून दाखवलं होतं. पण त्याला 31 अंशांच्या वर तापमान आणि 73 बारहून जास्त प्रेशर लागतं, ते विद्यार्थ्यांच्या हातात कसं देणार?

इथे ओरेगन विद्यापीठातल्या ग्रुपने 2004मध्ये फार सुंदर वाट काढली. प्लास्टिकच्या सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये संत्र्याची किसलेली साल, वर ड्राय आइस (गोठलेला कार्बन डायऑक्साइड), झाकण लावून ट्यूब कोमट पाण्यात सोडायची. गॅस कोंडून प्रेशर साधारण 5 अ‍ॅटमॉस्फिअरच्या वर गेलं की ड्राय आइस डोळ्यांसमोर वितळून पातळ होतो, सालीतून झिरपतो, जादाचा गॅस झाकणाच्या आट्यांमधून निसटतो, आणि शेवटी तळाशी फिकट पिवळं तेल उरतं, बहुतेक सगळं लिमोनिन, म्हणजे संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा मुख्य घटक. सॉल्व्हंट उडवत बसायची भानगडच नाही! पाण्याचं भांडंही प्लास्टिकचंच हवं, काचेचं अजिबात नको, कारण झाकण कधीकधी उडतं, गॉगल तर हवाच.

अर्थात हा उपाय सगळीकडे चालत नाही. द्रवरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये लिमोनिनसारखे नॉनपोलर (पाण्यात सहज न विरघळणारे) पदार्थ सहज विरघळतात, कॅफिन तितकं सहज येत नाही, म्हणून चहाच्या प्रॅक्टिकलला डायक्लोरोमिथेनऐवजी इथाइल अ‍ॅसिटेटसारखे पर्याय वापरतात, त्यात यील्ड (हाती येणारं कॅफिन) थोडं कमी आलं तरी चालेल असं माझं स्पष्ट मत आहे.