स्काल्प बायोप्सी: उभा छेद की आडवा?

मागच्या आठवड्यात इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू चिठ्ठी घेऊन आमच्या लॅबच्या काउंटरवर आल्या, स्काल्प बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी डोक्याच्या कातडीचा छोटा तुकडा काढणं, दुसऱ्या दिवशी होती, आणि घाबरून म्हणाल्या, "अहो, यात आडवा छेद लिहिलाय, म्हणजे डोक्यावर आडवं कापणार का?" नाही हो काकू, डोक्यावर काहीच फरक नाही, स्किनचे डॉक्टर दोन्हीसाठी तोच 4 मिमीचा पंच (कातडीचा गोल तुकडा काढायचं हत्यार) वापरतात आणि चरबीपर्यंत खाली जातात. उभं-आडवं ठरतं ते आमच्याकडे, ग्रॉसिंगच्या टेबलावर, म्हणजे आलेला तुकडा चिरून स्लाइडसाठी तयार करतात तिथे.

फॉर्मलिनमधून (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणातून) काढला की तो तुकडा शेंगदाण्याहूनही लहान, वर दोन-चार केस, खाली पिवळी चरबी. उभा चिरला तर स्लाइडवर वरच्या कातडीपासून चरबीपर्यंत सगळे थर एका नजरेत दिसतात, पण केसांची मुळं हाती लागतात चार-पाचच. आडवा छेद म्हणजे कोथिंबिरीची जुडी मधोमध कापल्यासारखं, प्रत्येक काडीचं तोंड समोर, एकूण एक मूळ मोजता येतं. हेडिंग्टन नावाच्या डॉक्टरांनी 1984 मध्ये ही पद्धत नीट मांडली.

मोजायचं कशाला, तर ताप किंवा बाळंतपणानंतरची गळती आणि हळूहळू विरळ होत जाणारे केस, यात फार गल्लत होते. नॉर्मल डोक्यात जाड केस आणि लव यांचं प्रमाण साधारण 7 ला 1 असतं, विरळ होण्याच्या आजारात ते 4 ला 1 च्याही खाली येतं, तापानंतरच्या गळतीत मात्र ते ठीकच असतं, फक्त विश्रांतीत गेलेले टेलोजन केस वाढलेले दिसतात. आणि लवेची मुळं खोल जातच नाहीत! म्हणून मोजणी वरच्या डर्मिसमध्येच (डर्मिस म्हणजे वरच्या कातडीखालचा थर) करायची, नुसत्या चरबीकडच्या स्लाइड काढल्या तर लव दिसणारच नाही आणि आजार असून रिपोर्ट नॉर्मल जाईल.

म्हणून उभा छेद बाद, असं मुळीच नाही. ल्युपससारख्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा) आजारात वरचा थर आणि डर्मिस यांच्या सीमेवर जी गडबड असते ती उभ्यातच स्वच्छ दिसते, त्यामुळे शक्यतो दोन तुकडे घ्यावेत. एकच असेल तर होव्हर्ट पद्धत, वरची पातळ चकती काढून ती उभी लावायची, उरलेला भाग आडवा.

त्रास होतो तो चिठ्ठीवर नुसतं 'केस गळती' असेल तेव्हा, कारण मग नेहमीच्या सवयीने तुकडा उभाच चिरला जातो आणि एकदा स्लाइडचे पातळ काप काढण्यासाठी मेणात तसा बसला की सगळी मुळं मोजणं गेलंच. काकूंना मी तेवढंच सांगितलं, गळती कधीपासून आहे, आधी ताप येऊन गेला का, हे डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा.