थिन-फॅट भारतीय

थिन-फॅट भारतीय : वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेल्या भारतीय शरीरठेवणीला मधुमेहाच्या संशोधनात दिले गेलेले नाव. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांच्या लेखांतून ही संज्ञा रूढ झाली. (हे केईएम रास्ता पेठेतले, मुंबईत परळला असलेले त्याच नावाचे रुग्णालय वेगळे.) मराठीत तिला सुटसुटीत प्रतिशब्द अजून बसलेला नाही. ‘हातापायांच्या काड्या अन् पोटाचा नगारा’ हे घरगुती वर्णन मात्र शास्त्रीय व्याख्येच्या बरेच जवळ जाते.

ही कल्पना जगभर पोचली ती एका छायाचित्रामुळे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ नावाचे जेमतेम पानभर टिपण आले. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत : एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. (साखरेविरुद्ध लिहिणारे पोषणतज्ज्ञ जॉन युडकिन ते हे नव्हेत.) दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा : २२.३. पण डेक्सा या क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजणाऱ्या यंत्राने मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांची आडनावे इंग्रजीत ‘वाय’ने सुरू होतात, म्हणून हे नाव. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी आत शिरणे, अशी कबुलीही त्यात आहे. लेखकाने स्वतःच्याच पोटावर बोट ठेवल्यामुळे मुद्दा जितका लक्षात राहिला, तितका आकडेवारीच्या दहा तक्त्यांनी राहिला नसता.

या टिपणामागे दोन दशकांचे काम होते. ऑक्सफर्डला मधुमेहाचे प्रशिक्षण घेऊन पुण्याला परतलेल्या याज्ञिकांसमोर येणारे रुग्ण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्या रुग्णांसारखे नव्हते. साखर लवकरच्या वयात निघायची आणि माणूस तेथल्या मापाने लठ्ठही नसायचा. त्याच सुमारास इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर जन्मवजन आणि पुढच्या आयुष्यातले हृदयविकार, मधुमेह यांचा संबंध मांडत होते. पोटात असताना उपासमार झालेले मूल मिळेल त्यात भागवायला शिकते आणि पुढे भरपूर मिळू लागले की तीच काटकसर त्याच्या अंगाशी येते, असा त्यांचा व निकोलस हेल्स यांचा १९९२ चा सिद्धांत. केईएममध्ये जन्मलेल्या मुलांना चार आणि आठ वर्षांची असताना तपासले, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्यांत धोक्याच्या खुणा आधीच दिसू लागल्या होत्या.

मग १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे, की बाई गरोदर राहण्याआधीपासूनच तिची मापे घेतली जात. जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा, दंडाचा व पोटाचा घेर आणि चिमट्यासारख्या कॅलिपरने दंडामागची व खांद्याच्या पात्याखालची कातडीची घडी मोजायची, अशी पद्धत होती. कातडी चिमटीत धरली की तिच्याबरोबर खालची चरबीही येते, आणि घडीची जाडी ही त्या चरबीचीच खूण. २००३ मध्ये पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या ६३१ बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या ३३८ गोऱ्या बाळांशी प्रसिद्ध झाली. सरासरी वजने होती २.७ आणि ३.५ किलो. बाळ लहान असणार हे अपेक्षितच होते. पण ते सगळीकडून सारखे लहान नव्हते. सर्वांत मागे होता पोटाचा घेर. नवजात बाळाच्या पोटात मुख्यतः यकृतासारखे अवयव असतात, म्हणजे तूट अवयवांत पडली होती. पाठोपाठ दंडाचा घेर, म्हणजे स्नायू. खांद्याच्या पात्याखालची घडी मात्र इंग्लिश बाळांच्या फारशी मागे नव्हती. आईचे सरासरी वजन ४५ किलोच्याही आत असताना चरबी तेवढी राखली गेली होती. शहरातल्या बाळांच्या नाळेतील रक्त लंडनच्या बाळांशी ताडून पाहिले, तेव्हा वजन कमी असूनही इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे संप्रेरक, जास्त आढळले.

आईच्या आहाराबाबतचा निष्कर्ष आणखी रोचक आहे. बाळाच्या वाढीशी नाते दिसले ते उष्मांकांचे किंवा प्रथिनांचे नव्हे, तर पालेभाज्या, फळे आणि दूध यांचे. शेतातल्या कष्टाच्या कामांचाही भार बाळाच्या वजनावर पडत होता. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते प्राणिज अन्नातूनच मिळते. शाकाहारी घरात दूध हाच आधार, आणि दूध आधी विकायला जाते. २००८ च्या लेखानुसार ज्यांच्या आईत बी-१२ कमी व फोलेट (गोळ्यांतले फॉलिक आम्ल हे त्याचेच रूप) जास्त होते, त्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत ठळक होती. यावरून गरोदरपणातल्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्यात असा अर्थ काढणे चूक आहे. मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळण्यासाठी त्या लागतातच. प्रश्न बी-१२ कडे झालेल्या दुर्लक्षाचा आहे.

हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्म्यांचा बीएमआय १८.५ च्या खाली, म्हणजे कमी वजनाच्या गटात होता. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर सामान्य पातळीच्या वर निघाली, बहुतेकांची मधुमेहपूर्व टप्प्यातली. ‘आमचा पोरगा तर किडकिडीत आहे, त्याला कसली शुगर?’ या समजुतीला याहून सरळ उत्तर सापडणे अवघड. २०१२ मध्ये याच मुलामुलींना बी-१२ व इतर सूक्ष्मपोषके देण्याचा ‘प्रिया’ नावाचा प्रयोग सुरू झाला. ती आईबाप होतील तेव्हा त्यांच्या बाळांत फरक पडतो का, हे त्यात पाहायचे होते.

ठेवण गर्भातल्या उपासमारीने घडते की वंशातून येते, हा वाद मिटलेला नाही. चार-पाच पिढ्यांपूर्वी सुरिनामला गेलेल्या भारतीय कुटुंबांच्या बाळांतही हीच ठेवण आढळली आहे. नुसती आजची उपासमार हे कारण मानणाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावे लागते. दुसरीकडे, एका पिढीतल्या आईच्या कुपोषणाचा परिणाम पुढच्या अनेक पिढ्यांवर रेंगाळू शकतो, असेही म्हणता येते.

दवाखान्यात मात्र या संशोधनाच्या दिशेचा परिणाम दिसतो. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात; पाश्चात्त्य मापाने हे आकडे २५ आणि ३० आहेत. शिवाय कमरेला टेप लावतात : पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा.