जंभेरीच्या एका बीत दोन विभाजनं

जंभेरी म्हणजे संत्र्याच्या कलमाला खुंट म्हणून वापरतात ते खडबडीत सालीचं लिंबू. तिची एक बी टाकली आणि दोन-तीन रोपं उगवली, तर वरुडकडच्या पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, कुणाला नवल वाटत नाही. पण सूत्री (गुणसूत्रं तेवढीच राहतात ते) आणि अर्धगुणसूत्री (गुणसूत्रं निम्मी होतात ते) पेशीविभाजनातले फरक घोकणाऱ्या आपल्या पोरांना ही बी कुणी फोडून दाखवत नाही, याची फार हळहळ वाटते. संत्रावर्गातलं हे बहुगर्भी बियांचं, म्हणजे एका बीत अनेक गर्भ असण्याचं, प्रकरण सूक्ष्मदर्शकवाल्या लेव्हेनहूकने 1719 सालीच पाहिलं होतं.

पेशी विभागण्याचं जिवाणूंचं काम सोपं. गुणसूत्राची नक्कल करायची आणि मधोमध दुभंगायचं. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळेत 20 मिनिटांत दुप्पट होतो, पण भरपूर खाद्य असेल तोवरच. त्यामुळे जिवाणू खताची एक बाटली ओतली की अख्खं वावर सुपीक, असल्या जाहिरातींवर भुलू नका.

आता जंभेरी. तिच्या पेशीत 18 गुणसूत्रं. फुलात अंडपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं. जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि वेगळी होतात, उरतात 9. ही अदलाबदल सोडली, तरी नुसत्या वाटणीचेच 512 प्रकार होऊ शकतात. परागातली 9 येऊन मिळाली की जो गर्भ बनतो, तो आईसारखाही नसतो आणि बापासारखाही नसतो.

त्याच वेळी अंडपेशी जिच्यात असते त्या पिशवीला, म्हणजे गर्भकोषाला, वेढून असलेल्या आईच्या साध्या पेशींपैकी काही जाग्या होतात. त्या सूत्री विभाजनाने वाढतात, 18 ची 18च राहतात आणि गर्भकोषात घुसून स्वतःच गर्भ बनतात. बापाचं त्यांत काहीच नाही. तरी परागीभवन बहुधा लागतंच, कारण त्यातून तयार होणाऱ्या भ्रूणपोषावरच, म्हणजे बीतल्या अन्नसाठ्यावरच, हे पाहुणे गर्भ पोसले जातात. भिजवलेल्या बीची दोन्ही सालं काढा: एकमेकांत दाटून बसलेले लहान-मोठे गर्भ सुटे होतात. खऱ्या संकराचा गर्भ या गर्दीत बरेचदा मागे पडतो.

म्हणून वाफ्यातली रोपं एकसारखी येतात आणि संत्र्याचा डोळा (कलमाची कळी) बांधायला सारखे खुंट, म्हणजे कलमाखालची मुळं असलेली रोपं, मिळतात. वेगळी दिसणारी, खुरटी रोपं पन्हेरीवाले उपटून टाकतात. त्यांत संकराची रोपं असण्याची शक्यता जास्त. नवं वाण काढणाऱ्याला मात्र हवी असतात नेमकी तीच रोपं, म्हणून संकर करताना बीत एकच गर्भ धरणारं पपनस आई म्हणून घेणं सोयीचं पडतं.