‘वेळ जात नाही’ आणि ‘वर्ष कुठे गेलं?’ : दोन तक्रारी, दोन वेगळी औषधं

दिवाळीचा आकाशकंदील उतरवताना कुणीतरी म्हणतंच, “वर्ष कसं गेलं कळलंच नाही.” त्यावर ठरलेला सल्ला येतो : धावपळ कमी करा, शांत बसा, म्हणजे वेळ संथ होईल. मनापासून दिलेला असला तरी हा सल्ला चुकीचा आहे. चालू वेळ पटकन सरणं वेगळं आणि गेलेला काळ तोकडा वाटणं वेगळं. बऱ्याचदा तर ही दोन एकमेकांच्या उलट चालतात.

पहिली गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे. गाडी चाळीस मिनिटं उशिरा, फोन बंद, नजर फलाटावरच्या घड्याळावर. लक्ष वेळेवर खिळलं की वेळ खायला उठतो, कामात किंवा गप्पांत गुंतलं की तोच भुर्रकन जातो.

घोळ होतो तो दुसऱ्या गोष्टीत. मागं वळून पाहताना मन मिनिटं मोजत नाही. त्या काळातल्या वेगवेगळ्या आठवणी किती हाती लागतात, त्यावरून ते लांबी ठरवतं. चार दिवस दापोली-हर्णैला जाऊन या. होडीतून सुवर्णदुर्ग, संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव. तिथं दिवस कधी मावळतो कळत नाही. घरी येऊन कुलूप काढताना मात्र पंधरा दिवस बाहेर होतो असं वाटतं. तेच चार दिवस घरी काढलेल्याला विचारा, काय केलंत? “काही नाही, नेहमीचंच.” त्याचा सोमवार आणि मंगळवार एकावर एक छापले गेले, आठवणीत दोन्हींचा मिळून एकच दिवस उरला. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं हा उलटा हिशेब १८९० मध्येच नोंदवून ठेवला आहे.

याचं टोकाचं उदाहरण मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाचं. १९६२ च्या जुलैमध्ये तो घड्याळाविना आल्प्समधल्या एका गुहेत उतरला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच उजाडला होता. अंधार, थंडी आणि ओल रोज तीच, त्यामुळे आठवण टांगायला खुंटीच नव्हती. २५ दिवस हिशेबातून गळाले. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी याची सौम्य आवृत्ती अनुभवली. दुपार सरता सरत नव्हती, पण आज त्यातला एप्रिल आणि मे वेगळा काढता येत नाही.

आता ते टक्क्यांचं गणित : पाच वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा २० टक्के भाग, पन्नाशीत २ टक्के, म्हणून वय वाढलं की वर्षं पळतात. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी १८७७ मध्ये मांडलेली ही कल्पना अजून सिद्धांत म्हणून फिरते. भागाकार बरोबर आहे, पण कारण म्हणून ती अपुरी आहे. पन्नासाव्या वर्षी बदली होऊन नवं गाव, नवं घर, नवी माणसं वाट्याला आली तर ते २ टक्क्यांचं वर्षही मागं पाहताना लांबलचक वाटतं. २००५ मध्ये विटमान आणि लेनहॉफ या संशोधकांनी १४ ते ९४ वयाच्या ४९९ लोकांना विचारलं. आठवडा, महिना, वर्ष यांच्या वेगाबद्दल वयाप्रमाणे उत्तरं फारशी बदलली नाहीत. फरक दिसला तो ‘गेली दहा वर्षं’ या प्रश्नाला.

तेव्हा तक्रार कुठली, ते आधी ठरवा. वेळ जात नसेल तर लक्ष कामात किंवा गप्पांत गुंतवा. वर्ष हातातून निसटत असेल तर खुंट्या ठोकाव्या लागतात. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात एक ओळ लिहा : कालच्यापेक्षा आज वेगळं काय घडलं. ‘छान दिवस’ लिहून उपयोग नाही, दोन महिन्यांनी त्यातून काहीच आठवत नाही. ‘वीज गेली, आत्या आली, दिव्यावर पिठलं’ असं लिहा. रविवारी सात चौकोन एकदम भरू नका, बुधवार तोवर विरलेला असतो. सहलीत एका दिवसात दहा ठिकाणं उरकू नका. सगळी एकाच गाडीच्या खिडकीतून पाहिल्यासारखी एकमेकांत मिसळतात. सलग चार चौकोन कोरे राहिले तर पाचव्या दिवशी निदान घरी जायचा रस्ता बदला, आणि त्या रस्त्यावर काय दिसलं ते लिहा.