कडक डोहाळे की हायपरएमेसिस? उलट्या मोजत बसू नका, पोटात काय टिकतंय ते बघा

"दिवस गेले की उलट्या होणारच, आम्हाला नाही का झाल्या" असं घरात कोणीतरी म्हणतंच, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं, दहातल्या सात-आठ जणींना मळमळ होतेच. पण थोड्या जणींना जे होतं ते नुसते कडक डोहाळे नसतात, डॉक्टर त्याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम म्हणतात. दोन्हीची सुरुवात अगदी सारखी असते म्हणून घरच्यांना फरक कळत नाही आणि तिला निमूट सोसायला सांगतात, याचा मला खरंच राग येतो.

साधी मळमळ सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या-दहाव्याला सगळ्यात जास्त असते आणि पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेकींची थांबते. ती फक्त सकाळीच होते असंही नाही, संध्याकाळी फोडणीच्या वासानेसुद्धा पोट ढवळतं. दिवसात दोन-तीन उलट्या झाल्या तरी मधल्या वेळात ताक, मऊ भात, लाह्या असं काहीतरी पोटात राहतं आणि लघवी नेहमीसारखी होते. अशा वेळी घरचे उपाय चालतात. उठायच्या आधी अंथरुणातच दोन कोरडी बिस्किटं किंवा मूठभर कुरमुरे, पोट रिकामं राहू न देणं, दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं, आल्याचा तुकडा, पाणी जेवताना न पिता मधेमधे घोट घोट, आणि स्वयंपाक काही दिवस दुसऱ्या कोणीतरी करणं (हे शेवटचं सगळ्यात कमी केलं जातं). आयर्नच्या गोळीने जास्त ढवळत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण फोलिक ॲसिड मनाने बंद करू नका. एवढ्यानेही भागत नसेल तर डॉक्सिलामाइन आणि बी-६ची गोळी मिळते, ती गरोदरपणात अनेक वर्षं वापरात आहे, डॉक्टरांना विचारून घ्यायला घाबरू नका.

हायपरएमेसिसमध्ये यातलं काहीच पुरत नाही, आणि "आलं चघळ गं" हे ऐकून तिला रडू येतं. पाण्याचा घोटही उलटून पडतो, दिवसभर अंथरुणातून उठवत नाही, वजन उतरतं. आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलोपेक्षा जास्त, तर ही साधी मळमळ नाही असं धरून चालायचं. तोंड कोरडं, उभं राहिलं की चक्कर, लघवी गडद आणि अगदी थोडी. लघवीत कीटोन (उपाशीपोटी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) नाहीत म्हणून त्रास कमी आहे असंही नसतं, हे तपासून परत पाठवलं तर ठामपणे सांगा. उपचार दवाखान्यातच होतात, सलाईन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, रक्तातल्या क्षारांची तपासणी. आणि बरेच दिवस काही खाल्लं नसेल तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन म्हणजे बी-१ द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते, त्यामुळे किती दिवस उपाशी आहे ते डॉक्टरांना नक्की सांगा.

यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं की गर्भ आणि वार यांच्याकडून येणारं जीडीएफ१५ नावाचं हार्मोन यामागे आहे, आणि ज्यांच्या शरीरात ते आधीपासून कमी असतं त्यांना दिवस गेल्यावर ते अचानक वाढल्याचा त्रास जास्त होतो. म्हणजे सासूबाईंना झालं नाही आणि हिला होतंय यात हिचे नखरे नाहीत. "उलट्या जास्त म्हणजे मुलगी" या गप्पांवरून तर कुणी काही ठरवूच नये.

अजून एक, नवव्या-दहाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या किंवा ताप, पोटात जोरात दुखणं, लघवीला जळजळ असं सोबत असेल तर कारण वेगळंच असू शकतं, तेव्हा डोहाळे समजून बसू नका. आणि चोवीस तास काहीच पोटात टिकलं नाही, आठ तासांत लघवीच झाली नाही किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता रात्रीच न्या.